एक टीबीची म्हणून दिलेली एसएसडी आणि ठेवून घेतलेली जुनी हार्ड डिस्क

लॅपटॉपची भरत आलेली हार्ड डिस्क काढून तिच्या जागी मोठी एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) बसवून देणारी दुकाने आता पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव अशा सगळ्या शहरांत आहेत, आणि त्यांतली बरीचशी माणसे काम चोख करतात. पणजीतील ज्या दुकानात माझी फसवणूक झाली त्याचे नाव मी येथे देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. फसवणुकीची रीत मात्र सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण ती पहिल्या दिवशी दिसतच नाही आणि ज्या दिवशी दिसते त्या दिवसापर्यंत नुकसान होऊन गेलेले असते.

मी फोंडा तालुक्यातील एका शाळेत मराठी शिकवतो आणि पौष महिन्यात गावोगावच्या मांडांवर, म्हणजे धालो खेळण्याच्या ठरलेल्या जागी, जाऊन धालो या स्त्रियांच्या लोकनृत्यातली गीते ध्वनिमुद्रित करतो. या गीतांपैकी कितीतरी गीते आता एकाददुसऱ्या वृद्ध स्त्रीलाच पूर्ण येतात, त्यामुळे एकदा केलेले मुद्रण पुन्हा करता येईलच याची खात्री नसते. ध्वनिमुद्रणाला तासाला सुमारे ६३५ एमबी लागतात. अलीकडे चित्रीकरणही करू लागल्याने लॅपटॉपमधली ५०० जीबीची हार्ड डिस्क जवळजवळ भरली होती. दुकानदाराने नामांकित कंपनीचे लेबल असलेली एक टीबीची एसएसडी दाखवली, विंडोजसह सगळे काही क्लोन करून जसेच्या तसे नव्या डिस्कवर येईल असे सांगितले आणि जुनी हार्ड डिस्क एक्स्चेंजमध्ये घेऊन तीनशे रुपये कमी केले. हातात पडलेल्या पावतीवर ‘एसएसडी अपग्रेड, क्लोनिंगसह’ एवढेच लिहिलेले होते. जीएसटी क्रमांक नव्हता, मॉडेल नव्हते, सीरियल नंबर नव्हता.

संध्याकाळी लॅपटॉप सुरू करून दाखवला तेव्हा पडद्यावर माझेच चित्र, माझेच फोल्डर आणि माझीच अर्धवट ठेवलेली फाइल होती. पूर्वी सुरू व्हायला चांगला वेळ घेणारे यंत्र काही सेकंदांत तयार झाले. डिस्कची क्षमता ९३१ जीबी दिसत होती आणि तीही बरोबरच होती, कारण कंपन्या एक टीबी म्हणजे एक हजार अब्ज बाइट धरतात, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. खऱ्याखुऱ्या एक टीबीच्या डिस्कवरही ९३१ च दिसतात. या आकड्यावरून दुकानदाराशी भांडणारे ग्राहक मी पाहिले आहेत आणि त्यात दुकानदाराचा काही दोष नसतो. माझ्या बाबतीत आकडा बरोबर होता, पण डिस्क खोटी होती.

हे कसे शक्य होते ते नीट समजून घ्यावे. डिस्कमध्ये किती जागा आहे हे विंडोज स्वतः मोजत नाही; डिस्कमधल्या कंट्रोलरला, म्हणजे डिस्कचा कारभार पाहणाऱ्या चिपला, विचारते आणि तो सांगेल ते खरे मानते. त्या कंट्रोलरचे फर्मवेअर (त्याच्या आत भरलेली आज्ञावली) बदलून त्याच्याकडून हवा तो आकडा वदवून घेता येतो. प्रत्यक्षातली चिप कमी क्षमतेची असली तरी डिस्क स्वतःला एक टीबीची म्हणवते, त्या आकड्यानुसार पार्टिशनही (जागेची विभागणी) होते आणि फॉरमॅटही होते. खरी जागा संपली की मात्र पुढे लिहिलेली माहिती एकतर कुठेच उतरत नाही, किंवा ती फिरून डिस्कच्या सुरुवातीला येते आणि तिथल्या जुन्या माहितीवर लिहिली जाते. या दोन्ही वेळी संगणक काहीच तक्रार करत नाही. फाइलचे नाव दिसते, आकार दिसतो, तारीखही दिसते.

माझ्या डिस्कची खरी क्षमता पुढे ५१२ जीबी निघाली, म्हणजे विंडोजच्या हिशेबाने सुमारे ४७७. जुनी ५०० जीबीची डिस्क त्याच हिशेबाने सुमारे ४६५ ची होती. ज्या डिस्कवर जुने सगळे बेताने मावते आणि नव्यासाठी मोकळी म्हणून दाखवलेली जवळजवळ सगळी जागा अस्तित्वातच नसते, अशी डिस्क त्या कामासाठी बसवली गेली होती. त्यामुळे क्लोन खरोखरच व्यवस्थित झाला, विंडोज सुरू झाले आणि जुन्या फाइल उघडून पाहिल्या त्याही बरोबर निघाल्या. क्लोन नीट झाला याचा अर्थ डिस्क खरी आहे असा होत नाही, ही गोष्ट मला प्रत्येक वाचकापर्यंत पोहोचवायची आहे.

पौषातली नवी मुद्रणे भरू लागल्यावर गोष्टी बिघडल्या. पेडण्याकडे पूर्वी केलेले एक मुद्रण ऐकत असताना मध्येच गाणे तुटले आणि त्याच फाइलमध्ये दुसऱ्याच बायकांचे आवाज सुरू झाले. ते आवाज त्याच हंगामात फोंड्याजवळच्या एका मांडावर मी मुद्रित केलेले होते. फाइलचे नाव आणि तारीख जुनीच होती, पोटात मात्र नवे गाणे शिरले होते. त्यानंतर आणखी काही जुनी फोल्डरे तशीच बाधित झालेली आढळली, आणि शेवटी एके सकाळी विंडोज सुरूच होईना.

दुकानदाराकडे गेलो तेव्हा तो अतिशय सौजन्याने बोलला. ‘कांयच भिवपाची गरज ना, सर,’ असे सांगून त्याने गोव्याच्या दमट हवेत यंत्रे टिकत नाहीत, गावाकडे विजेचा दाब कमीजास्त होतो, व्हायरसही असू शकतो अशी कारणे पुढे केली आणि डिस्क फॉरमॅट करून विंडोज मोफत घालून देण्याची तयारी दाखवली. असा मोफत फॉरमॅट कोणी देऊ करत असेल तर लॅपटॉप ताबडतोब परत घ्यावा. फॉरमॅट करून विंडोज पुन्हा घातले की उरलीसुरली माहितीही संकटात येते, फसवणुकीचा पुरावा पुसला जातो आणि खोटी डिस्क पुढे आणखी काही महिने व्यवस्थित चालते. जुनी हार्ड डिस्क मागितली तेव्हा ती भंगारात गेली असे उत्तर मिळाले.

मडगावला संगणकाच्या क्षेत्रात असलेल्या माझ्या भाच्याला फोन केला. तो पहिल्यांदा म्हणाला, ‘मामा, लॅपटॉप बंद करा आणि मी येईपर्यंत त्याच्यावर काहीही सेव्ह करू नका.’ आल्यावर त्याने ती एसएसडी बाहेर काढली आणि तपासणीच्या आधी वाचता येईल तेवढे सगळे डीडीरेस्क्यू या प्रणालीने दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण क्षमता तपासताना डिस्क पूर्ण भरावी लागते आणि तिच्यावरचे जे वाचवायचे ते आधीच वाचवलेले असावे लागते. मग डिस्कच्या आतल्या नोंदी दाखवणारी क्रिस्टलडिस्कइन्फो ही प्रणाली उघडली. लेबलवर छापलेला सीरियल नंबर आणि डिस्क स्वतः सांगत असलेला सीरियल नंबर यांत एकही अक्षर जुळत नव्हते, आणि लेबलवरचा नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर घातला तर तो सापडतच नव्हता. लेबलाचा कोपरा नखाने उचलला तर खाली दुसऱ्या एका खरवडलेल्या लेबलाचा डिंक दिसला. आतला सर्किट बोर्ड डब्याच्या मानाने छोटा होता, पण तेवढ्यावरून कोणी निष्कर्ष काढू नये. चांगल्या कंपन्यांच्या अशाच अस्सल एसएसडीतही बोर्ड बहुधा छोटाच असतो.

निर्णायक पुरावा मिळाला तो एचटूटेस्टडब्ल्यू या छोट्या मोफत प्रणालीतून. ती रिकाम्या डिस्कवर एकेक जीबीच्या फाइल लिहीत जाऊन डिस्क काठोकाठ भरते आणि मग तेच सगळे परत वाचून पडताळते. काम संपल्यावर किती जागा ठीक आणि किती माहिती नष्ट याचा अहवाल पडद्यावर येतो. लिनक्सवर हेच काम एफथ्री ही प्रणाली करते. एवढी मोठी डिस्क तपासायला काही तास लागतात, जुन्या यूएसबी पोर्टवर तर रात्रभरही लागू शकते, पण याला दुसरा विश्वासार्ह पर्याय नाही. अहवालात निम्म्याहून थोडी अधिक जागा ठीक आणि बाकी सगळी नष्ट असे आले. त्या पडद्याचे छायाचित्र, दोन सीरियल नंबरांची छायाचित्रे आणि पावती एवढे कागद तक्रारीला जोडले.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून दुकानाला लेखी नोटीस पाठवल्यावर भंगारात गेलेली हार्ड डिस्क अचानक सापडली. ती परत मिळाली तेव्हा तिच्यावर नवे विंडोज घातलेले होते. म्हणजे ती दुसऱ्या कोणाच्या तरी लॅपटॉपमध्ये जाण्याच्या तयारीत होती. हार्ड डिस्क क्विक (झटपट) पद्धतीने फॉरमॅट केली तरी तिच्यावरची माहिती नवे काही वर लिहिले जाईपर्यंत बऱ्याच अंशी शाबूत राहते, त्यामुळे फोटोरेक या प्रणालीने त्यातून बरीच मुद्रणे परत मिळाली. या पद्धतीत फाइलींची नावे मिळत नाहीत, म्हणून प्रत्येक मुद्रण ऐकून ते कोणत्या गावचे हे ओळखण्याचे काम अजून चालू आहे, आणि जिथे नवे विंडोज बसले तिथली गीते गेली ती गेलीच. जुनी डिस्क एसएसडी असती तर एवढेही मिळाले नसते, कारण ट्रिम या व्यवस्थेमुळे पुसलेली माहिती त्यातून सहसा कायमची जाते.

याच गोष्टीची दुसरी बाजू मला अधिक भयंकर वाटते. मला माझी मुद्रणे परत मिळाली, त्याच मार्गाने त्या डिस्कवरचे आधार कार्ड, बँकेचे कागद आणि विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका कोणाही खरेदीदाराला मिळाल्या असत्या. तीनशे रुपयांच्या सवलतीत दुकानदाराला खरे म्हणजे हेच मिळते. क्लोनिंगमध्ये मूळ डिस्कला काहीही होत नाही. ती तुमच्या माहितीची पूर्ण आणि चालती प्रत असते, आणि नव्या डिस्कची फसवणूक उघडी पाडू शकणारी साक्षीदारही असते. ती एक्स्चेंजमध्ये देऊ नये. समोर बसून काढून घ्यावी, कापडात गुंडाळून घरी आणावी आणि निदान काही महिने तिला हात लावू नये.

असे काम करून घ्यायचे असेल तर नवी डिस्क आपण स्वतः अधिकृत विक्रेत्याकडून घेऊन जाणे सर्वांत बरे. दुकानातलीच घ्यायची झाली तर क्लोन करण्यापूर्वी, ती रिकामी असतानाच, तिची पूर्ण क्षमता तपासून द्या असे सांगावे आणि ‘वेळ नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नये. विंडोजमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवावी. क्लोननंतर लॅपटॉप ती मागू शकतो. क्लोन झाल्यावर वाढीव जागा ‘अनअ‍ॅलोकेटेड’ (कोणत्याही ड्राइव्हला न जोडलेली) दिसली तर ती फसवणूक नसते. बहुधा मध्ये रिकव्हरी पार्टिशन (विंडोज दुरुस्तीसाठी राखलेला भाग) आलेले असते आणि ते शेवटी सरकवले की सी ड्राइव्ह वाढवता येतो. त्यासाठी वेगळे पैसे मागणे मला गैर वाटते.

डिस्क किती तास चालली आहे हे क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये दिसते, परंतु शून्य तास दिसले म्हणून ती नवीच आहे असे धरू नये. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत हजारो तास वापरलेल्या हार्ड डिस्क ही नोंद पुसून नव्या म्हणून विकल्याचे उघडकीस आले, आणि ते कळले तेही कंपनीने डिस्कच्या आत ठेवलेल्या दुसऱ्या, सहसा कोणी न पाहणाऱ्या नोंदींवरून. तिथल्या जाणत्या ग्राहकांचे जर असे होते, तर आपण पावतीवर मॉडेल, क्षमता आणि सीरियल नंबर लिहून घेण्याचा आग्रह धरण्यात संकोच करण्यासारखे काहीच नाही.

ज्यांची फसवणूक झालेली आहे त्यांनी रक्कम लहान आहे म्हणून गप्प बसू नये. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रार आपण राहतो त्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे करता येते; फोंडा तालुका दक्षिण गोव्यात येत असल्याने दुकान पणजीत असूनही मला मडगावला तक्रार करता आली. वस्तू किंवा सेवेसाठी आपण दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील देणे सक्तीचे नाही, आणि ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार दाखल होते. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. ती खोटी डिस्क दुकानदाराला ‘बदलून देतो’ म्हणून परत करू नये. ती पाकिटात घालून, वर दोन्ही सीरियल नंबर लिहून, निकाल लागेपर्यंत स्वतःजवळ ठेवावी.