ड्रेज गेम: अंधार पडायच्या आत धक्क्याला लागायचं

ड्रेज संपवून आठवडा झाला तरी डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला घेतलं. मार्च २०२३ मध्ये आलेला गेम, ब्लॅक सॉल्ट गेम्स नावाच्या न्यूझीलंडमधल्या छोट्याशा टीमने केलेला. गोष्ट साधी आहे, तुमची होडी खडकावर फुटते, ग्रेटर मॅरो नावाच्या बेटावरचा मेयर तुम्हाला दुसरी होडी देतो, उधारीवर, आणि मासे विकून ती फेडायची. आणि अंधार पडायच्या आत परत यायचं, हे आल्या आल्याच कानावर घालतात.

का ते मात्र कुणी धड सांगत नाही! मला हा गेम आवडला तो खरं तर याच्यामुळे. गावातल्या प्रत्येकाला काहीतरी माहितीये, रात्रीच्या धुक्याचा विषय निघाला की बोलणं अर्धवट सोडतात, दीपगृहातली म्हातारी तेवढी सावध करते. बेटांवर जुनी दगडी पूजास्थानं आहेत तिथे ठराविक मासे वाहायचे, कोणासाठी वाहतोय ते कळत नाही पण आपण वाहतो. अंधश्रद्धा माणसाच्या अंगात कशी मुरते ते इथे स्वतःच्या हाताने करताना कळतं.

भीतीची रचना फार हुशारीने केलीये. वेळ फक्त होडी चालवताना किंवा मासे पकडताना वगैरे पुढे सरकतो, नुसते थांबलात तर घड्याळ पण थांबतं. म्हणजे उशीर झाला तर तो आपणच केलेला असतो. काही मासे फक्त रात्रीच मिळतात, शिवाय विद्रूप माशांना भाव जास्त, त्यामुळे अजून एकच गळ टाकू, अजून एकच, असं करत करत सूर्य बुडतो. मग स्क्रीनवर वर एक डोळा उघडतो आणि तुमची घाबरगुंडी वाढेल तसा तो लाल होऊन सैरभैर फिरायला लागतो. दिवसा जिथून दहा वेळा गेलो तिथेच रात्री खडक उभा, आणि तो भास म्हणावा तर होडीला भोक खरोखरचं पडतं, सामान पण जातं. झोप काढली की डोळा शांत होतो.

पहिल्यांदा तीन डोक्यांचा कॉड मासा वर आला तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवून नुसता बघत बसलो होतो. चित्रं इतकी बारकाईने काढलीत की ओला चिकटपणा जाणवतो. असे मासे धरून १२५ च्या वर जीव आहेत, आणि ते होडीतल्या सामानाच्या जागेच्या चौकोनांत फिरवून फिरवून बसवण्यात वेगळीच मजा आहे.

शेवटाकडे होडीचं इंजिन आणि दिवे एवढे दमदार होतात की रात्रीचा धाक कमी होतो, हे मला खटकलं. अपग्रेड थोडे जपून घ्या, चव टिकते. राक्षस मागे लागलेले झेपत नसतील तर पॅसिव्ह मोड आहे, त्यात ते हल्ला करत नाहीत, तोही वाईट नाही.

हेडफोन लावून खेळा मात्र. मी एका रात्री धुक्यात दिवा विझवून उभा होतो, काहीतरी जवळून जात होतं, घड्याळ थांबलेलं होतं आणि इंजिन सुरू करायला माझा हातच होईना.