दूधसागरचे पॅकेज घेण्यापूर्वी

कळंगुट-बागा पट्ट्यातल्या बहुतेक हॉटेलांच्या काउंटरवर एकाच धाटणीचा कागद मिळतो. सकाळी हॉटेलवरून नेणार, दूधसागर धबधबा, मसाल्याची बाग, जेवण, तांबडी सुर्लचे देऊळ आणि संध्याकाळी परत. तिन्ही ठिकाणे उत्तम आहेत. पण किनाऱ्यावरून कुळ्याला, म्हणजे दूधसागरच्या जीप सुटतात त्या गावाला, पोचायलाच दोन-अडीच तास लागतात, त्यात पाच-सहा हॉटेलांतून माणसे गोळा करायची, म्हणजे जीपच्या रांगेत उभे राहीपर्यंत साडेदहा वाजतात. नेमकी तीच गर्दीची वेळ. तिथून पुढचे सगळे घसरत जाते. जेवण तीनला, बाग पंधरा मिनिटांत, आणि देऊळ ‘आज उशीर झाला’ म्हणून कटाप. पैसे मात्र तिन्हीचे.

मोले किंवा कुळे परिसरात एक रात्र काढली, तर हीच ठिकाणे दीड दिवसात आरामात होतात. वनखात्याच्या कॉटेजेसपासून गावातल्या साध्या खोल्यांपर्यंत राहायची सोय आहे. पणजीहून फोंड्यावरून मोले साठेक किलोमीटर, आणि तिथून कुळे पाच-सहा. पेट्रोल फोंड्यातच भरून घ्या, रोख रक्कमही तिथेच काढा. मोलेच्या पुढे मोबाइलची रेंज कधी जाईल याचा नेम नाही, आणि रेंज गेली की यूपीआयही गेले.

आधी जीप. धबधबा भगवान महावीर अभयारण्यात असल्यामुळे खासगी गाडी आत नेता येत नाही. कुळ्याला नोंदणी करून ठरलेल्या जीपमधूनच जायचे. एका जीपमध्ये ७ जण बसतात. तुम्ही चौघेच असाल तर उरलेल्या तिघांची वाट पाहावी लागते, नाहीतर पूर्ण जीपचे पैसे मोजावे लागतात. भाडे, अभयारण्याचे प्रवेशशुल्क, कॅमेरा आणि लाइफ जॅकेट या रकमा वेगवेगळ्या धरल्या जातात, म्हणून एजंटने सांगितलेल्या आकड्यात यातले काय काय आले हे आधी विचारा. भांडणे होतात ती इथेच. हंगामात शनिवार-रविवार टाळा, आणि काउंटर उघडायच्या आधी तिथे हजर राहा. पहिल्या काही जीपमध्ये जागा मिळाली तर अकराच्या सुमाराला तुम्ही परत कुळ्यात असता, आणि पॅकेजवाल्यांच्या बसगाड्या तेव्हा नुकत्या येत असतात.

रस्ता बारा किलोमीटरच्या आसपास, पण वेळ पाऊण तास. कच्चा, दगडगोट्यांचा मार्ग आहे आणि मध्ये पाण्यातून गाडी घालावी लागते. ऑक्टोबरमध्ये पाणी जीपच्या पायरीपर्यंत चढते, त्यामुळे पाठपिशवी खाली न ठेवता मांडीवर घ्या. मागच्या आडव्या बाकांवर हादरे जास्त बसतात. पाठीचे दुखणे असलेल्याला ड्रायव्हरशेजारची जागा द्या, आणि गरोदर बाईला या जीपमध्ये बसवूच नका. जीप थांबते तिथून पुढचा साधारण किलोमीटरभर चालायचे, त्यातला शेवटचा टप्पा मोठमोठ्या दगडांवरून. माणसे पडतात ती इथे, आणि कारण जवळजवळ नेहमी पायातले. गुळगुळीत तळव्याच्या चपला ओल्या दगडावर टिकत नाहीत. मागे पट्टा असलेल्या, खाचा असलेल्या रबरी तळाच्या सँडल सगळ्यात बऱ्या. बूट घातले तर ते भिजणार, आणि परतीच्या वाटेवर जड होणार.

धबधबा ३१० मीटरचा, चार टप्प्यांत उतरणारा. मधून रेल्वेचा पूल जातो. हा मार्ग पोर्तुगीज काळातला, १८८८ सालचा. कॅसलरॉकहून कुळ्याकडे उतरताना घाटात १:३७ चा उतार आहे, त्यामुळे गाड्या इतक्या सावकाश जातात की खिडकीतूनही धबधबा नीट पाहता येतो. म्हणूनच रुळांवरून चालत जाणाऱ्या टोळक्यांना चेव येतो. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि बोगद्यात समोरून गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते. त्या वाटेचे व्हिडिओ पाहून बेत आखू नका.

खाली डोहात पोहायला उतरायचे तर लाइफ जॅकेट अंगावर हवेच, पट्टे आवळून. सैल बांधलेले जॅकेट पाण्यात वर सरकून गळ्याशी येते. धारेच्या थेट खाली जाऊ नका, पडणारे पाणी माणसाला तळाकडे ढकलते. धबधब्यापाशी थांबायला तास-दीड तास मिळतो आणि तेवढा पुरतो. माकडांना प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज बरोबर कळतो. वेफर्सचे पाकीट हातात धरून फोटो काढणाऱ्याचे पाकीट जाते, आणि ओढाताणीत ओरखडा आला तर रेबीजची लस घेत बसावे लागते. खाणे जीपमध्येही उघडे ठेवू नका.

पाण्याचे गणित महिन्यावर आहे. पावसाळ्यात जीप बंद असतात आणि साधारण ऑक्टोबरमध्ये सुरू होतात. तेव्हापासून डिसेंबरपर्यंत दूधसागर नावाला जागतो. मार्चमध्ये धार बारीक होते, मेमध्ये तर काळा कातळच जास्त दिसतो. एप्रिल-मेमध्ये पूर्ण पैसे मोजून जाणाऱ्यांची निराशा समजण्यासारखी आहे, पण तिकीट देणारा ते आपण होऊन सांगत नाही.

दुपारी कुळागर. ‘स्पाइस गार्डन’ म्हणून जे दाखवतात ते मुळात कुळागरच: डोंगराच्या पायथ्याशी, झऱ्याचे पाणी पाटाने खेळवून केलेली पोफळींची बाग, आणि त्यांच्या सावलीत केळी, मिरवेल, जायफळ, अननस, आले, हळद. फोंडा तालुक्यात सावईवेरे, केरी या बाजूला अशी कुळागरे आहेत, धारबांदोडा आणि सत्तरीतही आहेत. बाग चांगली की नुसते दुकान, हे ओळखायला फार वेळ लागत नाही. चांगल्या ठिकाणी माणूस झाडापाशी नेऊन बोलतो. वेलावरचे मिऱ्याचे हिरवे घोस दाखवतो, तेच उन्हात सुकले की काळी मिरी, आणि पिकून लाल झालेले भिजवून साल काढले की पांढरी, हे सांगतो. वेलचीच्या शेंगा वर न शोधता झाडाच्या बुडाशी, जमिनीलगत पाहायला लावतो. व्हॅनिलाच्या वेलावर विशेष थांबावे. तिचे फूल एकच सकाळ उमलते आणि त्या वेळात काडीने परागीकरण करावे लागते, कारण मूळच्या मेक्सिकोत ते काम करणाऱ्या मधमाश्या इथे नाहीत. शेंग तयार व्हायला त्यानंतर आठ-नऊ महिने. भाव इतका का, याचे उत्तर तिथेच मिळते.

सुपारी काढणाऱ्याचे कसब मात्र डोळे भरून पाहा. पायात दोरीचे कडे अडकवून तो सरसर वर जातो, घोस उतरवतो आणि खाली न येता झाड झुलवून शेजारच्या पोफळीवर जातो. पर्यटकांसाठीचा खेळ वाटतो, पण ही रोजची कामाची रीत आहे. प्रत्येक झाडाला चढ-उतार केली तर दिवसभरात निम्मीही बाग उरकणार नाही.

दुकानातली खरेदी डोळसपणे करा. जायफळ अख्खे घ्या, पूड घेऊ नका. हातात जड लागायला हवे आणि त्याला बारीक भोके नकोत. व्हॅनिलाची शेंग बोटाला गुंडाळता आली पाहिजे, कडकडीत असेल तर जुनी. मिरी थोडी पाण्यात टाकून पाहा: भरलेला दाणा बुडतो, पोकळ दाणे आणि मिसळलेल्या पपईच्या बिया वर तरंगतात. ‘गुडघेदुखीचे तेल’ आणि ‘केस वाढवणारा अर्क’ यांच्याकडे पाठ फिरवा. जेवणात उकड्या तांदळाचा भात, खतखते (अनेक भाज्यांचे कालवण), तांबडी भाजी, सोलकढी मिळाली तर बाग घरची समजा. खतखत्यात तिरफळाचा वास यायला हवा. पनीर बटर मसाला आणि नूडल्स मांडलेल्या जागी बागही तशीच उरकतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे तांबडी सुर्ल, मोलेपासून बारा-तेरा किलोमीटर. दुपारी जाण्यात अर्थ नाही. देऊळ पूर्वाभिमुख आहे, सकाळचे ऊन सभामंडपातून आत शिरते आणि तासाभरात सरकते. कदंबकालीन, बाराव्या-तेराव्या शतकातले हे महादेवाचे देऊळ. गोव्यातल्या नेहमीच्या जांभ्या चिऱ्यात न बांधता काळ्या बेसॉल्टात बांधलेले, आणि सांध्यात चुना नाही. देऊळ लहान आहे, म्हणून लोक दहा मिनिटांत बाहेर येतात. जरा थांबा. मंडपाच्या मधल्या चार खांबांवरच्या छतातले कमळ पाहायला मान पूर्ण मागे टाकावी लागते. एका खांबाच्या तळाशी घोड्याला चिरडणारा हत्ती कोरला आहे, तो वाकल्याशिवाय दिसत नाही. मधला नंदी मुंडके नसलेला. महाशिवरात्रीला इथे पाय ठेवायला जागा नसते, एरवी शेजारच्या नदीचा आवाज तेवढा. पूजा चालू असते, म्हणून कपडे अंग झाकणारे असावेत.

पक्षी पाहायचे असतील तर याच वाटेवर उजाडताना गाडी सोडून चाला. गोव्याचा राज्यपक्षी असलेला लालकंठी बुलबुल, धनेश आणि नशीब असेल तर शेकरू दिसते. बेडूकतोंड्या नावाचा पक्षी दिवसा जोडीने फांदीवर सुकल्या पानासारखा बसतो, तो माहीतगार वाटाड्याशिवाय सापडत नाही. त्याला पैसे मोजायला हरकत नाही. गवा दिसला तर थांबा, हॉर्न वाजवू नका, आणि फोटोसाठी खाली उतरू नका.

मार्च ते मे या दिवसांत येणार असाल तर दूधसागर सोडून सत्तरीकडे वळा आणि काजूची भट्टी पाहा. वाळपई आणि सत्तरीतल्या केरी भागात रस्त्यालगतही वास येतो. बोंडे कोळंबीत, म्हणजे दगडी कुंडीत, तुडवून रस काढतात, आणि तो दोन-तीन दिवस आंबवून मातीच्या किंवा तांब्याच्या भांड्यातून उकळतात. पहिल्या उकळीला निघते ती उर्राक, सौम्य. उर्राकीत पुन्हा रस घालून दुसऱ्यांदा काढली की फेणी, तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. उरलेल्या चोथ्यातून गळणारा रस म्हणजे नीरो, तो त्याच सकाळी प्यायचा, दुपारपर्यंत आंबतो. उर्राकही टिकत नाही. परतताना बाटल्या भरून पुण्या-मुंबईला नेण्याचा उत्साह असेल तर फेणी न्या. आणि चोर्ला किंवा अनमोड घाट उतरायचा असेल त्या दिवशी दोन्ही नकोत. वळणे आणि अवजड वाहने पुरेशी आहेत.

पावसाळ्यात जीप नाहीत, पण चोर्ला घाटातले धबधबे रस्त्यावरून दिसतात. आतल्या धबधब्यांवर वनखाते बुडण्याच्या घटनांमुळे बंदी घालते, ती कधी आहे हे निघण्यापूर्वी विचारा. जळवांसाठी मोज्यांना मीठ किंवा तंबाखू चोळतात. चिकटलेली जळू नखाने तोंडाकडून सरकवून काढा, ओढू किंवा जाळू नका. रक्त बराच वेळ वाहते, घाबरण्याचे कारण नाही. रस्त्याकडेला अळंबी विकायला बसलेल्या बायका दिसतील, भाव चढा असतो. अभयारण्यातून काहीच उचलायची परवानगी नाही.

कोरड्या महिन्यांत, विशेषतः सत्तरीत, माकडतापाचा विचार ठेवा. २०१५ पासून तिथे रुग्ण सापडले आहेत. तो गोचिडींतून पसरतो. पूर्ण विजार मोज्यात खोचा, सुक्या पाचोळ्यावर बसू नका, मेलेल्या माकडाजवळ जाऊ नका, परतल्यावर कपडे गरम पाण्यात धुवा. आठवडाभरात सडकून ताप आला तर डॉक्टरला रानात गेल्याचे सांगायला विसरू नका, नाहीतर तो डेंग्यूच्याच चाचण्या लिहून देतो.