कटिंग केली का असं कुणी विचारलं नाही, म्हणजे ट्रिमर पास

सलूनमधून आल्यावर दोन-चार दिवस ती नवी कोरी मान आणि कानाभोवतीचा उघडा पडलेला गोरा पट्टा मिरवत फिरायला मला अजिबात आवडत नाही, भेटेल तो "काय, कटिंग का" म्हणतो, आणि मग महिना होत आला की तेच केस कानावर येऊन बसतात. मधले काही दिवस काय ते बरं दिसतं. मला ते मधलेच दिवस कायम हवे होते, म्हणून हा छोटा ट्रिमर घेतला. डोकं भादरायचं मोठं मशीन नाही हां. पूर्ण कटिंग अजूनही सलूनमध्येच, घरी फक्त कल्ले, कानामागचा भाग आणि मान जागेवर ठेवायची.

कारण साधं आहे. केस महिन्याला साधारण 1 ते सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे आठवड्याला अडीच मिलिमीटरच्या आसपास. वरच्या लांब केसांत एवढं कुणाला कळतही नाही, पण जिथे 3 मिलिमीटरवर मशीन मारलंय तिथे आठवड्यात जवळपास दुप्पट झालेलं असतं. माणूस गबाळा दिसायला लागतो तो खालून.

आता याच्यातली खरी कामाची गोष्ट म्हणजे बाजूचा लिव्हर. मोटर किती पॉवरफुल, किती गार्ड (पात्यावर बसवायचे कंगव्यासारखे दाते, त्यांच्यावर केस किती लांब राहतील ते ठरतं) फ्री, हे बॉक्सवर मोठ्या अक्षरात असतं, लिव्हरबद्दल कुणी बोलत नाही. गार्ड नेहमीचेच, 1 नंबर म्हणजे 3 मिलिमीटर, 2 नंबर म्हणजे 6, पुढे साधारण तीन-तीनने वाढत जातात. 3 आणि 6 मध्ये सरळ दुपटीचा फरक, त्यामुळे नुसते गार्ड बदलत गेलं की डोक्याला पायऱ्या पडतात आणि घरी कापलेत हे लांबून कळतं. लिव्हर उघडला की कापणारं पातं थोडं मागे सरकतं आणि त्याच गार्डने केस जरा लांब राहतात. मग मी असं करतो, आधी 2 नंबर लिव्हर उघडा ठेवून कानाच्या वरच्या टोकापर्यंत, मग 1 नंबर लिव्हर बंद करून अगदी खाली दोन बोटं, आणि शेवटी 1 नंबरच लिव्हर उघडून त्या दोघांच्या सीमेवरून हलकेच. मशीन डोक्याला चिकटवून वरपर्यंत न्यायचं नाही, वर जाता जाता मनगट वळवून बाहेर काढायचं, तिथेच ती रेघ विरते. या लिव्हरला मधे मधे खटके आहेत, तो हाताच्या धक्क्याने सरकत नाही, यासाठी पूर्ण मार्क.

मानेवर वस्तऱ्याने सरळ रेघ मारू नका. पहिल्या दिवशी झकास दिसते, पण तिच्याखाली उगवलेला प्रत्येक केस लगेच डोळ्यात येतो. मूळ कड आहे तशी राहू द्यायची, तिच्याखालचे सुटे केस तेवढे काढायचे आणि कड खाली बारीक बारीक करत आणायची, म्हणजे वाढली तरी उठून दिसत नाही. दोन आरसे लागतातच. आणि मानेवरचे केस सगळे एकाच दिशेने उगवत नाहीत, कुठे आडवे, कुठे खालून वर, आधी बोट फिरवून बघा, कारण तोच गार्ड उलट्या दिशेने फिरवला की जास्त बारीक कापतो. केस कोरडेच ठेवा, ओले केस चिकटून बसतात, नीट कापले जात नाहीत आणि वाळल्यावर भलतंच निघतं.

नाकाचं वेगळं डोकं सोबत येतं, ठीक आहे, बाहेर डोकावणारे केस कापतं. आत खोल घालायची गरज नाही, ते केस धूळ अडवायलाच असतात, आणि उपटणं तर नकोच, फोड होऊन बसतो. कानातल्या केसांना मात्र हेच डोकं मस्त, वय वाढलं की तिकडे लक्ष द्यावंच लागतं. बॅटरी, चार्जिंग, काही तक्रार नाही. आवाज कमी आहे, घरातले झोपलेले असताना बाथरूममध्ये काम उरकता येतं.

आता वाईट. गार्डची पकड ढिली आहे. वरून लावला की खट्ट आवाज येतो, बसला असं वाटतं, पण कानामागे वळवताना दात जरा दाबले गेले की मागून उचलला जातो. माझा एकदा चालू मशीनवर सटकला, आणि एवढुसा चट्टा पडला तो पण नेमका अशा ठिकाणी की वरचे केस झाकायला खाली येत नाहीत. ज्या वस्तूचं कामच कुणाच्या लक्षात न येणं आहे तिच्यात हा दोष छोटा म्हणता येणार नाही. कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं की गार्ड नीट बसवा. बरं.

तेलाची बाटली पण नावाला दिलीये. पात्याला मशीनचं पातळ तेल एक थेंब पुरतं, डोक्याला लावायचं तेल घालू नका, ते चिकट होऊन केस त्यात बसतात आणि पातं ओढायला लागतं.

पाचपैकी साडेतीन. टक्कल करायचं असेल किंवा अगदी कातडीपर्यंत फेड (वरून खाली बारीक होत जाणारी कटिंग) हवा असेल त्यांच्यासाठी हा नाहीच. बाकीच्यांनी घेताना 1 नंबरचा सुटा गार्ड मिळतो का ते आधी बघून घ्या, सगळ्यात जास्त तोच वापरला जातो आणि पहिले दात त्याचेच तुटतात.