एमजीबीसाठी मॅन्युअल: कारखान्याचं घ्यावं की बाजारातलं?

एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची ब्रिटिश गाडी, घरी आली की पाने-स्पॅनर जमवायच्या आधी दुरुस्तीच्या पुस्तकाचा प्रश्न येतो. घरी काम करायला याहून सोयीची जुनी स्पोर्ट्स कार मला तरी माहीत नाही. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांवर गाड्या बाहेर पडल्या. सुटे भाग आजही नवेकोरे मिळतात, १९८८ पासून तर अख्खी बॉडीशेलसुद्धा नवी मिळते. इंजिन म्हणाल तर आपल्या अ‍ॅम्बॅसेडरच्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाच्याच घराण्यातलं, बी-सिरीज, फक्त इथे १७९८ सीसी. पुण्या-कोल्हापुरात लहानपणी गॅरेजच्या दारात उभं राहून टॅपेट सेटिंग बघितलेल्या माणसाला या बॉनेटखाली फारसं परकं वाटत नाही.

पर्याय मुख्यतः दोन. एक म्हणजे कारखान्याचं वर्कशॉप मॅन्युअल, नंबर एकेडी ३२५९. मूळ प्रती जुन्या बाजारात सापडतात, पण रीप्रिंट सहज मिळतं आणि कामाला तेवढंच चालतं. दुसरं म्हणजे स्वतंत्र प्रकाशकाने घरी काम करणाऱ्यांसाठी काढलेलं पुस्तक. ही बिरादरी मोठी आहे: हेन्स, ऑटोबुक्स, क्लायमर, चिल्टन. हेन्सचं पहिलं मॅन्युअल १९६६ साली निघालं ते ऑस्टिन-हीली स्प्राइटचं, म्हणजे अ‍ॅबिंग्डनमध्येच बनणाऱ्या गाडीचं. माझ्याकडे कुठल्या प्रकाशकाचं आहे ते मुद्दाम सांगत नाही. मला जे खटकलं ते या प्रकारच्या पुस्तकांच्या घडणीतच आहे, एकावर ठपका ठेवण्यात अर्थ नाही.

या दुसऱ्या प्रकाराची बाजू आधी मांडतो, कारण ती चांगली भक्कम आहे. लिहिणारा तुमच्यासारखाच ड्राइव्हवेवर गाडीखाली आडवा झालेला आहे, हे पानापानावर जाणवतं. एमजीबीचा क्लच बदलायचा तर इंजिन बाहेर काढावंच लागतं, नुसता गिअरबॉक्स खालून उतरत नाही. कारखान्याचं पुस्तक हे काम कोरड्या क्रमाने सांगून मोकळं होतं. स्वतंत्र पुस्तकात फोटो असतात, गिअरबॉक्सखालचा क्रॉसमेंबर सोडताना वजन कशावर पेलायचं ते असतं, आणि एकट्याने हे करू नका असा सल्लाही असतो. गाडी चालू होत नाही, गरम होते, ब्रेक एका बाजूला ओढतो, अशा लक्षणांवरून दोष शोधायचे तक्तेही याच पुस्तकात जास्त उपयोगी असतात.

किंगपिनचं, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळ्याभोवती वळतं त्याचं, उदाहरण घ्या. नवे बुश ठोकून बसवले की ते रीमरने मापात आणावे लागतात. कारखान्याचं पुस्तक सांगतं, अमुक नंबरचं सर्व्हिस टूल वापरा. ते टूल डीलरच्या भिंतीवर टांगलेलं असायचं. आता तो डीलरही नाही आणि ती भिंतही नाही. स्वतंत्र पुस्तक इथे प्रामाणिकपणे म्हणतं की हे काम मशीन शॉपवाल्याला द्या. या सर्व्हिस टूलचे नंबर ‘१८जी’ने सुरू होतात आणि गाडीच्या पहिल्या इंजिनाचा प्रकारही १८जीच. नवा माणूस हमखास गोंधळतो, टूलच्या नंबरात इंजिन शोधत बसतो.

‘बसवताना उलट क्रमाने करा’ हे वाक्य दोन्हीकडे आहे. त्याबद्दल कुणालाच झुकतं माप देता येत नाही.

इथपर्यंत वाचून स्वतंत्र पुस्तकच घ्यावं असं वाटेल. मलाही बराच काळ तसंच वाटत होतं. पण एक गोष्ट डोक्यात जायला लागली आणि मग जाईचना. ती म्हणजे ‘सुरुवातीची मॉडेल्स’ आणि ‘नंतरची मॉडेल्स’.

अठरा वर्षं बनलेल्या गाडीचं एकच पुस्तक करायचं तर अशी विभागणी करावी लागणार, हे समजतं. पण कशाच्या नंतरची? मागच्या अ‍ॅक्सलचंच बघा. खुल्या टूररला सुरुवातीला बँजो अ‍ॅक्सल होता आणि १९६७ मध्ये तो जाऊन नळीचा, म्हणजे सॅलिसबरी अ‍ॅक्सल आला. जीटी, म्हणजे पक्क्या छताची एमजीबी, मात्र १९६५ मध्ये बाजारात आली तीच सॅलिसबरी घेऊन. म्हणजे १९६६ची टूरर आणि १९६६ची जीटी शेजारीशेजारी उभ्या केल्या तर एक ‘सुरुवातीची’ आणि दुसरी ‘नंतरची’! एकीत तेल सव्वादोन पाइंट, दुसरीत दीड. कार्बोरेटरचीही तीच तऱ्हा. एसयू कंपनीच्या एचएस४ कार्बोरेटरला मिश्रण जुळवायचा नट खाली असतो, तर एचआयएफ४ला बाजूला स्क्रू. हा बदल अमेरिकेच्या गाड्यांवर आधी झाला, ब्रिटनमध्ये नंतर. ‘नंतरच्या मॉडेल्सवर बाजूचा स्क्रू फिरवा’ हे वाचून लेस्टरचा माणूस आणि न्यू जर्सीचा माणूस एकाच सालच्या गाडीसमोर वेगवेगळे चक्रावतील.

माझी गाडी १९७०ची जीटी. लॉगबुकात तसंच आहे. इंजिन मात्र मूळचं नाही, आधीच्या कुणा मालकाने नंतरचं, १८व्ही प्रकारचं बसवलं आहे. या गाड्यांमध्ये ही अगदी नेहमीची गोष्ट. पन्नास वर्षांत इंजिन बदललं नसेल तरच नवल. मग इग्निशन टायमिंगचा आकडा बघायचा तर मी सुरुवातीचा की नंतरचा? गाडी बघून एक उत्तर, इंजिन बघून दुसरं. जवळजवळ प्रत्येक कामाच्या मध्यावर हा प्रश्न आडवा येतो, तोही नेमका हात काळे असताना. कधी उत्तर दोन प्रकरणं मागे दडलेलं असतं, कधी तळटीपेत, आणि कधी अंदाजावर सोडलेलं.

कारखान्याच्या पुस्तकात ही भानगड नाही, निदान इंजिनापुरती तरी नाही. तिथे वर्षाला फारशी किंमत नाही, इंजिनाच्या नंबराला आहे. ब्लॉकच्या उजव्या अंगाला, डिस्ट्रिब्यूटर असतो त्या बाजूला, एक छोटी धातूची पाटी रिव्हेटने बसवलेली असते. तिच्यावर इतकं तेल आणि धूळ थापलेली असते की ती ब्लॉकचाच भाग वाटते. तारेचा ब्रश आणि थोडं रॉकेल घेऊन घासलं की आधी ‘१८’ दिसतो, मग अक्षर. १८जी किंवा १८जीए असेल तर क्रँकला तीन बेअरिंग, १८जीबीपासून पुढे पाच. १८व्ही म्हणजे सत्तरच्या दशकातलं. हे अक्षर हातात आलं की मॅन्युअलच्या सुरुवातीच्या ‘जनरल डेटा’मध्ये त्या इंजिनाचं पान काढायचं. टायमिंग, व्हॉल्व्ह क्लिअरन्स, कार्बोरेटरची सुई, सगळं तिथे. मधे कुठे ‘नंतरची’ नाही. रीकंडिशन्ड इंजिनावर पाटी वेगळी असू शकते किंवा नसतेच, तेव्हा थोडी शोधाशोध करावी लागते, हे मान्य.

मी काही स्टॉपवॉच लावून मोजलेलं नाही. पण कारखान्याच्या पुस्तकाने काम करताना मी कमी वेळा उठतो आणि कमी वेळा हात पुसतो, एवढं नक्की. त्याची चित्रंही मला आता जास्त आवडायला लागली आहेत. फोटोत करडं यंत्र करड्या पार्श्वभूमीवर विरघळून जातं. रेखाचित्रात मात्र प्रत्येक वॉशर सुटा दिसतो, आणि शेवटी हातात एक उरला तर तो कुठला ते कळतं.

अर्थात आधीच्या मालकांनी केलेले उद्योग कुठल्याच पुस्तकात नाहीत. १९६७ पर्यंतच्या गाड्यांची वायरिंग पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेली. पुढे कुणी अल्टरनेटर लावताना ती निगेटिव्ह केली असेल तर दोन्ही पुस्तकं तुम्हाला सारखीच बुचकळ्यात टाकतील. तिथे बॅटरीच्या तारा स्वतः बघाव्या लागतात. ब्राऊन वायर म्हणजे फ्यूज नसलेली, कायम जिवंत, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशनचीच पण फ्यूजमधून आलेली. हा ल्युकसचा, म्हणजे या गाड्यांचं विजेचं सामान बनवणाऱ्या कंपनीचा, रंगांचा हिशेब एकदा पाठ झाला की वायरिंगपुरतं पुस्तक निम्मं मिटून ठेवलं तरी चालतं.

मग घ्यावं कुठलं? पहिल्यांदाच हात काळे करणार असाल आणि गाडी साधारण मूळ रूपात असेल, तर स्वतंत्र प्रकाशकाचं पुस्तक घेऊन सुरुवात करण्यात काही चूक नाही. तेल बदलणं, ब्रेक पॅड, टॅपेट, पॉइंट या कामांना ते पुरेल आणि धीरही देईल. सेकंडहँड प्रती चहा-सँडविचच्या भावात मिळतात. पण गाडीत कुणी काय काय बदललंय याची खात्री नसेल, किंवा इंजिन उघडायचा विचार असेल, तर मी तुमच्या जागी असतो तर पहिले पैसे कारखान्याच्या पुस्तकावर घातले असते. दोन्ही घ्यायची ऐपत असेल तर दोन्ही घ्या, असं सगळेच सांगतात आणि त्यात तथ्य आहे. माझ्याकडेही दोन्ही आहेत. फक्त एक घरात कपाटात असतं आणि दुसरं गॅरेजमध्ये.

रीप्रिंट मागवताना कव्हरवरची सालं मात्र नीट वाचा. सप्टेंबर १९७४ नंतरच्या रबर बंपरवाल्या गाड्या सगळ्याच आवृत्त्यांमध्ये येत नाहीत. अमेरिकेतली १९७५ नंतरची गाडी असेल तर जोडीच्या एसयूऐवजी एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटर आणि प्रदूषण नियंत्रणाच्या नळ्यांचं जाळं असतं. अशा गाडीसाठी चुकून आधीची आवृत्ती आली तर इंधनाचं प्रकरण जवळपास बिनकामाचं. तिथे त्या सालांचं, अमेरिकन बाजारासाठी काढलेलं पुस्तकच बघा, मग ते कारखान्याचं असो वा दुसऱ्या कुणाचं.