कामाच्या जागी होणाऱ्या घालमेलीवर संमोहनोपचार : सहा सत्रांनंतर

सोमवारची आढावा बैठक जवळ आली की माझ्या तळहातांना घाम फुटत असे, छातीत धडधड होई आणि तोंडपाठ असलेले आकडेही ऐन वेळी आठवत नसत. आमच्या डॉक्टरांनी आधी थायरॉईडची तपासणी आणि ईसीजी करून घेतला. दोन्हींत काही न निघाल्यावर त्यांनी मला पुण्यातल्याच एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंकडे पाठवले.

पहिल्या सत्रात संमोहन झालेच नाही, आणि माझा विश्वास बसला तो त्यामुळेच. धडधड लिफ्टमध्ये सुरू होते की खुर्चीवर बसल्यावर, झोप किती लागते, पूर्वी कधी भास झाले होते का, हे सारे बाईंनी पाऊण तास शांतपणे विचारले, कारण भास होणाऱ्या व्यक्तीला हा उपचार सरसकट देत नाहीत. आपण दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ, ही माझी भीतीही तिथेच गेली. ‘हिप्नॉटिझम’ हा शब्द रूढ करणारे स्कॉटिश शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांनी १८४३ च्या ग्रंथात या अवस्थेचे नाते झोपेशी जोडले होते, पण पुढे एकाच कल्पनेवर खिळलेले लक्ष हेच तिचे खरे लक्षण त्यांनी मानले. मला आलेला अनुभव नेमका तसाच होता. रस्त्यावरचे रिक्षांचे हॉर्न मला शेवटपर्यंत ऐकू येत होते.

दुसऱ्या सत्रापासून डोळे मिटून, प्रत्येक उच्छ्वासाबरोबर एक याप्रमाणे मनातल्या मनात दहा पायऱ्या उतरायच्या, आणि श्वास संथ झाला की बैठकीची खोली डोळ्यांसमोर आणायची: दाराची गार मूठ, प्रोजेक्टरची घरघर, साहेबांचे ‘हं, बोला’. त्याच क्षणी, त्या शांततेची खूण म्हणून, अंगठा आणि तर्जनी हलकेच जुळवायची. घरी रोज रात्री बाईंच्या आवाजातील पंधरा मिनिटांचे ध्वनिमुद्रण लावून हाच सराव करायचा असे. चौथ्या आठवड्यात टेबलाखाली बोटे जुळवून मी बोलायला उभी राहिले. धडधड झाली, पण आकडे आठवले. ज्या आठवड्यात सराव चुकला, त्या आठवड्यात फरक लगेच जाणवला.

एका सत्राचे १,८०० रुपये मला जड गेले, आणि संध्याकाळची वेळ मिळायला फार थांबावे लागते. तरीही याआधी दुसरीकडे एकाच बैठकीत भीती कायमची घालवण्याची हमी देऊन आगाऊ पैसे मागितले गेले होते, त्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक वाटले. कोणाकडेही जाण्यापूर्वी त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडील (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी ठेवणारी संस्था) नोंदणी जरूर विचारावी.

संमोहनाने कामाचा बोजा कमी होत नाही, हे बाईंनी पाचव्या सत्रात स्पष्ट सांगितले आणि साहेबांना काय लिहायचे, याचा मसुदा माझ्याकडूनच करून घेतला. आता बैठकीत मांडायचे शाखांचे आकडे सोमवारी सकाळऐवजी शुक्रवारी संध्याकाळी माझ्या हातात पडतात.