‘महल’ की ‘पुराना मंदिर’?

सांगलीत आमच्याकडे पाऊस लागला, भडंगाची पुडी सुटली की कोणता सिनेमा जास्त घाबरवतो, हा वाद ठरलेला.

१९८४चा ‘पुराना मंदिर’ रामसे बंधूंचा. त्यातला सैतान सामरी पडद्यावर आला की धाकटा अजून तोंडावर उशी घेतो. मधली विनोदाची ठिगळं मात्र पुढे ढकलायचीच.

‘महल’ १९४९चा, कमाल अमरोहींचा. त्यात अक्राळविक्राळ काही नाही. झोपाळा हलतो, आणि ‘आयेगा आनेवाला’ हे गाणं लांबून हळूहळू जवळ येतं. हा परिणाम साधायला लताबाई गाता गाता माइककडे चालत गेल्या होत्या. (त्यांचं बालपण सांगलीतलं, त्यामुळे मी पक्षपाती, कबूल.) उत्तरार्ध रेंगाळतो खरा. तरी रात्री वीज गेली की मला सामरी नाही, तो झोपाळाच आठवतो. धाकट्याला पटत नाही.