टेस्टर दोन्ही भोकांत पेटला म्हणून अख्खं वायरिंग बदलू नका

ओळीतले तीन सॉकेट एकाएकी बंद, बाकी घरात वीज व्यवस्थित. वायरमन येतो, टेस्टर लावतो आणि तो दोन्ही भोकांत पेटतो. “दोन्हीकडे फेज येतोय. आत वायरी चिकटल्यात, सगळं नवीन टाकावं लागेल.” डोळ्यांदेखत पेटलेल्या टेस्टरपुढे घरमालक काय बोलणार? अशाच एका घरात भिंती फोडून जुनी वायर काढली, ती धडधाकट निघाली. सैल होता तो एका सॉकेटमधला न्यूट्रलचा, म्हणजे फेजमधून आलेला करंट परत नेणाऱ्या वायरचा, स्क्रू.

शाबूत न्यूट्रलला फेज चिकटला तर एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) तत्क्षणी पडतो. इथे तो पडलेलाच नसतो, कारण न्यूट्रल मागेच सुटलेला असतो. सॉकेट एकमेकांना लूप केलेले, म्हणजे एकातून पुढच्यात वायर नेऊन जोडलेले असतात. पुढे कुठे टीव्ही किंवा चार्जर चालू राहिला, तर फेज त्यातून फिरून न्यूट्रलच्या भोकात येतो. ओळीतले सगळे प्लग काढा. टेस्टर विझला किंवा नुसता मिणमिणला, तर न्यूट्रल तुटलाय. मल्टीमीटरवर फेज-अर्थ (जमिनीला जोडलेली वायर) सुमारे 230 व्होल्ट आणि फेज-न्यूट्रल शून्य किंवा भलताच आकडा, हीच त्याची खूण.

दोष बहुतेकदा शेवटच्या चालू किंवा पहिल्या बंद सॉकेटच्या बोर्डात सापडतो. मात्र लूपिंग भिंतीवरच्या क्रमानेच असेल असं नाही. उघडण्याआधी मेन स्विच बंद करा. नुसता एकेरी एमसीबी पाडून भागत नाही, तो फक्त फेज तोडतो. वीज गेल्याची मल्टीमीटरने खात्री करून मगच पट्टी काढा. काळवंडलेलं टोक, कडक झालेलं इन्सुलेशन आणि वितळलेला टर्मिनल दिसला की जागा मिळाली. लखलखीत तांबं लागेपर्यंत वायर कापा, साधारण 10 मिलिमीटर सोला, एकही तार बाहेर न ठेवता आवळा आणि ओढून बघा. टर्मिनल वितळला असेल तर सॉकेट बदला. खर्च एवढाच.

यापेक्षा वाईट फसवणूक स्वस्तात होते. काहीजण अर्थच्या टर्मिनलवरून न्यूट्रलला वायरचा तुकडा जोडतात आणि सॉकेट लगेच चालू होतात. लोड पडताच आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो, तर “हाच खराब आहे” म्हणत तोही काढून टाकतात! पुढे ती अर्थची वायर कुठे सुटली, तर फ्रिज-वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर थेट फेज येतो. म्हणून पट्टी परत लावण्याआधी, मेन बंद असतानाच, अर्थ आणि न्यूट्रलच्या मध्ये असा तुकडा नाही ना, हे वायरमनला दाखवायला लावा.